बार्शी लाइटचे एक लहान स्थानक पुन्हा उभे करायचे आहे. आठवणी जुळत नाहीत, तर आधार कशाचा घ्यावा?

प्रश्न

नमस्कार. कुर्डुवाडी ते लातूर धावणारी नॅरोगेज गाडी आमच्याकडे सगळे नुसते ‘बार्शी लाइट’ म्हणून ओळखत. सरकारने १ जानेवारी १९५४ रोजी बार्शी लाइट रेल्वे कंपनीकडून हा मार्ग ताब्यात घेतला आणि पुढे तो मध्य रेल्वेत गेला, तरी लोकांच्या तोंडचे नाव बदलले नाही. त्या मार्गावरच्या एका छोट्या स्थानकाची प्रतिकृती करायचे मी मनावर घेतले आहे. हे स्थानक बार्शी ते येडशी या टप्प्यातले. रुंदीकरणाच्या, म्हणजे नॅरोगेजची ब्रॉडगेज करण्याच्या वेळी धाराशिव (तेव्हाचे उस्मानाबाद) शहर रेल्वेने जोडायचे म्हणून मार्गाची नवी आखणी झाली, जुना रस्ता बाजूला पडला आणि आमच्या स्थानकाच्या वाट्याला ब्रॉडगेज आलीच नाही. आज तिथे रूळ नाहीत, इमारत नाही. बाभळीत हरवलेला मातीचा भराव आणि एका मोरीच्या, म्हणजे रुळाखालच्या छोट्या पुलाच्या, दगडी भिंती एवढेच उरले आहे.

माझ्याजवळ एकच छायाचित्र आहे. त्यात फलाटावर सहा-सात माणसे उभी आहेत, मागे डब्याचा अर्धा भाग दिसतो आणि कडेला इमारतीच्या पत्र्याचे टोक. बाकी सगळी भिस्त माणसांच्या आठवणींवर आहे. वडील आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांचे बालपण त्याच गावात गेले आणि कोळशाच्या इंजिनाचा काळ त्यांनी पाहिला आहे. आत्या त्यांच्याहून चार वर्षांनी लहान. मी स्वतः त्या गाडीने प्रवास केला तो १९८० नंतरच्या दशकात, सुट्टीत आजोळी जाताना.

अडचण अशी की, या तीन आठवणी एकमेकींशी जुळत नाहीत. वडील ठामपणे सांगतात की पिंपळ इमारतीच्या उजव्या हाताला होता. आत्या तितक्याच ठामपणे तो डाव्या हाताला होता म्हणते. वडिलांच्या मते तिथे रुळांच्या दोन जोड्या होत्या आणि दुसरीवर कधी कधी कापसाच्या वाघिणी (मालडबे) उभ्या असत, तर आत्याला एकच आठवते. मला तर फलाटच आठवत नाही, फक्त डब्याच्या पायरीवरून खडीवर मारलेली उडी आठवते. छायाचित्रात मात्र जमिनीपासून वीतभर उंच असा फलाट स्पष्ट दिसतो.

तेव्हा मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. घरात साधारण तीन मीटर लांबीची एक भिंत मोकळी आहे, तर कोणते प्रमाण घ्यावे? कागदोपत्री आराखडा नसताना मापे कशी काढावीत? आणि आठवणींत वाद असेल तिथे कोणाचे मानावे? माझा चुलतभाऊ म्हणतो की आमच्या स्थानकाऐवजी कुर्डुवाडी करावी, कारण गाडी बदलण्याची आठवण सगळ्यांनाच आहे. त्याबद्दलही जाणकारांचे मत वाचायला आवडेल.

प्रतिसाद १

प्रमाणापासून सुरुवात करतो, कारण एकदा रूळ ठोकले की ते बदलता येत नाही.

बार्शी लाइटच्या रुळांमधले अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर होते. १:८७ या प्रमाणात हे अंतर ८.७६ मिलिमीटर येते आणि छोट्या मॉडेल गाड्यांसाठी बाजारात मिळणाऱ्या ‘एन’ गेजच्या ९ मिलिमीटर रुळाशी जवळजवळ तंतोतंत जुळते. त्यामुळे इंजिनाचा खालचा सांगाडा, मोटार, चाके, सांधे (एका रुळावरून दुसऱ्यावर गाडी वळवण्याच्या जागा) असे सगळे ‘एन’ गेजचे घेऊन वरचे कवच तेवढे १:८७ मध्ये स्वतः बांधता येते. दुसरा मार्ग १:४८ चा. त्यात ७६२ मिलिमीटरचे १५.९ होतात आणि ‘एचओ’ या मॉडेल गेजचा १६.५ मिलिमीटरचा रूळ चालून जातो. या प्रमाणात माणसाचा चेहरा, पत्र्याच्या पन्हाळ्या, दाराची कडी असे बारकावे फार सुंदर येतात, पण जागा जास्त लागते. समजा, तुमचे स्थानक सांध्यापासून सांध्यापर्यंत अडीचशे मीटरचे होते, तर १:८७ मध्ये ते २.८७ मीटर होते आणि १:४८ मध्ये ५.२ मीटर. तुमची भिंत तीन मीटरची आहे, म्हणून मी १:८७ सुचवेन. तरीही लांबी कमी करावी लागली तर ती मोकळ्या रुळांतून कमी करा. इमारत, झाड आणि फलाट यांच्यातली अंतरे कापू नका, कारण ओळख त्या अंतरांतच असते.

‘एन’चा तयार रूळ वापरताना एक गोष्ट फार खटकते. त्यातले स्लिपर, म्हणजे रुळाखालच्या आडव्या पट्ट्या, मोठ्या गाडीच्या हिशोबाने अगदी जवळजवळ बसवलेले असतात आणि नॅरोगेजच्या साध्या मार्गावर ते तसे दिसत नाहीत. उपाय सोपा आहे: दोन स्लिपरांना जोडणारी प्लास्टिकची पट्टी कापून एक सोडून एक स्लिपर काढून टाकावा. उरलेले स्लिपर साधारण साडेसात मिलिमीटरवर येतात, म्हणजे प्रत्यक्षात सुमारे ६५ सेंटिमीटर. एवढ्या एका बदलाने तो रूळ खेड्यातला वाटू लागतो. रुळाच्या उंचीकडेही लक्ष द्या. मूळ मार्गावर दर यार्डाला (तीन फुटांना) ३० पौंड वजनाचे रूळ घातलेले होते आणि अशा रुळाची उंची जेमतेम तीन इंच असते. १:८७ मध्ये ती एक मिलिमीटरही भरत नाही. ‘कोड ४०’चा (कोड म्हणजे रुळाची उंची, इंचाच्या हजाराव्या भागांत) रूळ त्याच्या सर्वांत जवळ जातो, ‘कोड ५५’ सहज मिळतो, पण त्याची उंची १.४ मिलिमीटर असल्याने तो मुख्य मार्गावरच्या जड रुळासारखा दिसतो. खडी रुळाच्या वरच्या कडेजवळ आणून ठेवली की हा दोष बराच झाकला जातो.

कुर्डुवाडीच्या सूचनेबद्दल मात्र सावध करावेसे वाटते. तिथे नॅरोगेजच्या शेजारी मुंबई–सोलापूरची ब्रॉडगेज आहे. ब्रॉडगेजचे १६७६ मिलिमीटर १:८७ मध्ये १९.३ होतात आणि त्या मापाचा रूळ तयार मिळत नाही. ‘एचओ’चा १६.५ चा रूळ घातला तर मोठी गाडी अरुंद पायांवर उभी राहिल्यासारखी दिसते आणि दोन्ही रुळांमधला जो फरक त्या स्थानकाचा आत्मा होता तोच बोथट होतो. मूळ गुणोत्तर २.२ चे आहे, इथे ते १.८ वर येते. कुर्डुवाडी करायचीच असेल तर मोठ्या गाडीचे रूळ हाताने घालण्याची तयारी ठेवून करावी. पहिल्याच प्रतिकृतीत तो भार घेऊ नये.

प्रतिसाद २

माझा अनुभव दुसऱ्या एका बंद पडलेल्या मार्गाचा आहे, पण आठवणींचा प्रश्न सगळीकडे सारखाच असतो, म्हणून त्याबद्दलच लिहितो.

वडील बरोबर की आत्या बरोबर, हा निवाडा इतक्यात करू नका. आपण माणसाला समोर बसवून ‘झाड कुठे होते?’ असे विचारतो, तेव्हा त्याला चित्राचे शब्दांत भाषांतर करावे लागते आणि त्या भाषांतरात बरेच काही हरवते. ‘उजवीकडे’, ‘पलीकडे’, ‘थोडे पुढे’ हे शब्द बोलणारा मनाने कुठे उभा आहे यावर अवलंबून असतात आणि तो कुठे उभा आहे हे आपण विचारायलाच विसरतो. म्हणून प्रतिकृती पूर्ण झाल्यावर ती वडीलधाऱ्यांना दाखवायची, हा क्रम उलटा करा. आधी पुठ्ठ्याचा एक कच्चा नमुना करा. रुळाच्या जागी दोरा, इमारतीच्या जागी काडेपेटीसारखा एक डबा, झाडाच्या जागी दाभणात खोचलेला कापूस. काहीही चिकटवू नका. तो जमिनीवर किंवा पलंगावर ठेवा आणि काही न विचारता त्या दोघांना त्याच्याभोवती बसू द्या. कोणी कुठे बसायचे हेसुद्धा सांगू नका. हात आपोआप वस्तू उचलून हलवू लागतात. मी हे केले तेव्हा तासाभराच्या मुलाखतीत न मिळालेली माहिती दहा मिनिटांत मिळाली. सोबत कोणालातरी वरून छायाचित्रे घ्यायला सांगा, कारण एकदा हललेली वस्तू पुन्हा त्याच जागी जाईल याची खात्री नसते.

नमुना जितका कच्चा तितका चांगला, हेही मुद्दाम सांगतो. रंगवलेली, नेटकी इमारत समोर ठेवली की म्हातारी माणसे कौतुक करतात आणि चूक दाखवायला संकोचतात. पुठ्ठ्याचा डबा मात्र ती बिनदिक्कत बाजूला सारतात.

मापांसाठी तुमचे एकमेव छायाचित्र तुम्हाला वाटते त्यापेक्षा अधिक बोलेल. ज्या वस्तूचे खरे माप आपल्याला ठाऊक आहे, तिच्याशी तुलना करायची. यातला नियम एकच, की मोजायची वस्तू आणि तुलनेची वस्तू कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर असावी. समोरच्या माणसाच्या उंचीवरून मागच्या इमारतीची उंची काढली की ती हमखास चुकते. डब्याला टेकून उभा असलेला माणूस सापडला, तर त्याच्यावरून दाराची उंची मिळेल. पत्र्याच्या टोकावर पन्हाळ्या मोजता येत असतील, तर तसाच जुना पत्रा गावात एखाद्या गोठ्यावर शोधा आणि दोन पन्हाळ्यांमधले अंतर टेपने घ्या. इमारतीचे पाखे किती लांब होते ते त्यावरून काढता येते.

दुसरी जोडी होती की नव्हती, याचे उत्तर माणसांकडे मागण्याऐवजी जमिनीकडे मागा. तुमच्या टप्प्यावर ब्रॉडगेज झालीच नसेल तर भराव मूळच्या रुंदीचाच उरला असणार, आणि हे तुमचे मोठे भाग्य आहे, कारण जिथे रुंदीकरण झाले तिथे जुन्या खुणा नव्या भरावाखाली गेल्या. एकाच जोडीचा भराव अरुंद असतो. स्थानकापाशी तो दोन्ही टोकांना निमुळता होत मध्ये रुंदावत असेल तर तिथे दुसरी जोडी होती असे समजायला हरकत नाही. उन्हाळ्यात, गवत वाळलेले असताना आणि ऊन तिरपे असताना जा. जाण्याआधी उपग्रहाची चित्रे पाहा. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० च्या जुन्या नकाशांवरही नॅरोगेजचे मार्ग दाखवलेले असतात.

प्रतिसाद ३

वरच्या दोन्ही प्रतिसादांशी मी सहमत आहे, पण त्यांच्याही आधी एक निर्णय घ्यायला हवा, तो म्हणजे काळाचा. तुमच्या प्रश्नात किमान दोन वेगळी स्थानके एकत्र आली आहेत. वडिलांचे स्थानक १९५० च्या आसपासचे, कोळशाच्या इंजिनाचे. तुमचे १९८० नंतरचे. या तीस वर्षांत फलाट बदलू शकतो, दुसरी जोडी उखडली जाऊ शकते, झाडही पडू शकते. वडिलांना दोन आणि आत्याला एक जोडी आठवते, यात दोघांचेही खरे असण्याची शक्यता आहे. एक वर्ष ठरवा, शक्य तर एक ऋतूही ठरवा, आणि त्यात न बसणारी आठवण कितीही गोड असली तरी बाहेर ठेवा. ती वहीत लिहून जपा.

मी तुमच्या जागी असतो तर वडिलांचा काळ घेतला असता. तुमच्या काळाचे साक्षीदार अजून पुष्कळ वर्षे भेटतील.

त्या काळाला पार्श्वभूमी म्हणून थोडा इतिहास. एव्हरार्ड कॅलथ्रॉप हे ब्रिटिश अभियंते आधी जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेत होते. मोठ्या मार्गाला आतल्या बाजारपेठा जोडणारी स्वस्त पण सक्षम गाडी करता येते, हे त्यांना दाखवून द्यायचे होते. १८९५ मध्ये लंडनला कंपनीची नोंदणी झाली आणि १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी, ते बार्शी हा पहिला टप्पा सुरू झाला. पुढे एक फाटा पंढरपूरला गेला, १९११ मध्ये गाडी निजामाच्या मुलखातल्या लातूरला पोचली आणि १९२७ मध्ये पंढरपूरकडून मिरजेपर्यंत मार्ग पूर्ण झाला. सगळी लांबी सुमारे ३२५ किलोमीटर झाली. (याच कॅलथ्रॉप यांनी नंतर वैमानिकांसाठी पॅराशूट विकसित केले, हे वाचल्यापासून त्यांच्याबद्दलचा माझा आदर दुणावला आहे.)

मॉडेल करणाऱ्याच्या दृष्टीने त्यांचे सर्वांत महत्त्वाचे तत्त्व म्हणजे आसावरचा, अर्थात चाकांच्या प्रत्येक जोडीवरचा भार. कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार येऊ द्यायचा नाही, इंजिन असो की वाघीण. हलका रूळ, त्यावर सारखा वाटलेला भार. म्हणूनच लीड्सच्या किटसन कारखान्यातून आलेल्या पहिल्या इंजिनांना दांड्यांनी एकमेकांना जोडलेली आठ चाके आणि मागे आणखी चार चाके होती. दिसायला हे इंजिन बुटके आणि लांबट, चाकांची रांग संपतच नाही असे वाटणारे. सुरुवातीच्या वाघिणी २५ फूट लांब आणि ७ फूट रुंद अशा ठरावीक सांगाड्यावर, दाबून घडवलेल्या पोलादी चौकटींच्या होत्या. १:८७ मध्ये त्या सुमारे ८८ मिलिमीटर लांब आणि २४.५ मिलिमीटर रुंद होतील. रुळांमधल्या अंतराच्या जवळजवळ पावणेतीनपट रुंदीची गाडी ९ मिलिमीटरच्या रुळावर उभी केलीत की वडिलांना ती लगेच ओळखू येईल, कारण रुळांच्या मानाने ऐसपैस असा तो डौल नॅरोगेजखेरीज कुठे दिसत नाही. नंतरच्या काळातले प्रवासी डबे वेगळ्या मापांचे होते, तेव्हा हीच मापे सगळीकडे लावू नका.

आणखी एक वाट सुचवतो. इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायर परगण्यात १९०४ मध्ये सुरू झालेल्या लीक अँड मॅनिफोल्ड या अडीच फुटी मार्गाचे अभियंतेही कॅलथ्रॉपच होते आणि तिथली किटसनची इंजिने बार्शीच्या अनुभवावरूनच घडली होती. तो मार्ग १९३४ मध्ये बंद पडला, पण मॉडेल करणाऱ्यांचा तो फार लाडका असल्याने त्याची रेखाचित्रे आणि छायाचित्रे विपुल सापडतात. तिथले इंजिन जसेच्या तसे बार्शीचे म्हणून खपवू नये, कारण त्याला जोडलेली चाके सहाच आहेत. मात्र पाण्याच्या टाक्यांची ठेवण, चालकाच्या खोपीचा आकार, पुढचा भला मोठा दिवा यांचा अभ्यास त्यावरून उत्तम होतो.

कुर्डुवाडीबद्दल पहिल्या प्रतिसादातले म्हणणे योग्यच आहे. तीच गोष्ट मिरजेची. पुण्याकडची मीटरगेज १९७१ मध्ये ब्रॉडगेज झाल्यानंतर बरीच वर्षे मिरजेला ब्रॉड, मीटर आणि नॅरो अशी तिन्ही रुळांची भेट होत असे. तसे दृश्य उभारणे हे माझेही जुने स्वप्न आहे, पण ते चार-पाच जणांनी मिळून करायचे काम आहे.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद, तीन आठवड्यांनंतर

आपणा सर्वांचा मनापासून आभारी आहे. १:८७ हे प्रमाण आणि वडिलांच्या काळातला सुगीनंतरचा हंगाम नक्की केला आहे. मधल्या काळात दोन गोष्टी झाल्या, त्या लिहितो.

भरावावर जाऊन आलो. सकाळी सातच्या तिरप्या उन्हात पाहिले तर साधारण दोनशे पावलांच्या टप्प्यात माती स्पष्टपणे रुंदावते आणि पुन्हा निमुळती होते. मोरीची भिंत मात्र एकाच जोडीपुरती आहे. म्हणजे दुसरी जोडी मोरीच्या अलीकडेच मूळ रुळाला मिळत असली पाहिजे आणि सांधा कुठे बसवायचा हे त्यावरून ठरले. आत्याला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, ‘तिथे गवत असायचे, आम्ही त्यावर शेळ्या बांधायचो.’ बहुधा तिच्या आठवणीतल्या काळापर्यंत ती जोडी वापरातून गेली होती.

दुसरी गोष्ट पुठ्ठ्याच्या नमुन्याची. दिवाणखान्यात चटईवर तो मांडला, इमारतीच्या जागी औषधाचे खोके ठेवले आणि सांगितल्याप्रमाणे गप्प राहिलो. वडील एका बाजूला बसले, आत्या त्यांच्यासमोर. कापसाचे झाड मी मुद्दाम बाहेर ठेवले होते. वडिलांनी ते उचलून आपल्या उजव्या हाताला, खोक्याच्या टोकाशी रोवले. आत्या काहीच बोलली नाही, कारण तिच्या बाजूने ते बरोबर डाव्या हाताला होते. मग उलगडा झाला. वडील शाळेत जाताना रूळ ओलांडून फलाटाच्या अंगाने येत, तर आत्या विहिरीवरून परतताना इमारतीच्या पाठीमागून. साठ-पासष्ट वर्षे दोघे एकाच पिंपळाबद्दल सांगत होते.

त्यानंतर वडिलांनी न विचारता आगपेटीतली एक काडी घेतली आणि खोक्यापासून चार बोटे अंतरावर उभी धरली. तिथे कंदिलाचा खांब होता आणि संध्याकाळच्या गाडीआधी तो लावायला येणाऱ्या माणसाच्या मागे मुले धावत, हे त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकले. १:८७ मध्ये चार बोटे म्हणजे साधारण सहा मीटर होतात. खांबाची उंची अजून ठरलेली नाही. कंदील लावणाऱ्याला शिडी लागत असे की नुसता हात पुरत असे, हे पुढच्या रविवारी विचारणार आहे.